हलकं घ्या, म्हणाला तो दुकानदार

पत्र

काका, मी ह्यूस्टनजवळ केटीला राहते. फार्मसिस्ट आहे. आठवड्यातून तीन रात्री दुकान बंद करायची पाळी माझी असते आणि दहा वाजता पार्किंगमध्ये मी एकटीच. मागच्या महिन्यात आमच्याच ओळीतल्या दुकानाबाहेर एका बाईची पर्स हिसकावून नेली. तेव्हापासून गाडीपर्यंतची चाळीस पावलं संपता संपत नाहीत. मला ग्रीन कार्ड आहे. पाचशे डॉलरच्या आत बसेल असं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचा विचार आहे. दुकानात तीन पाहिली: स्मिथ अँड वेसन ६४२, रुगर एलसीआर आणि टॉरस ८५६. दुकानदार म्हणाला, लेडीजसाठी सगळ्यात हलकं घ्या, पर्समध्ये ठेवलंय हे कळणारसुद्धा नाही. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो चिडेल. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, पण हल्ली तो खोलीतच असतो, कुणाशी फारसा बोलत नाही, त्यामुळे त्याला कळायचा प्रश्न नाही. डिसेंबरात आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्याआधी हे काम उरकायचंय. तिघांतलं कुठलं घेऊ?

उत्तर

ताई, भीती वाटते म्हणून तुम्हाला कुणी हसत असेल तर हसू दे. रात्री दहाला रिकाम्या पार्किंगमध्ये किल्ली मुठीत धरून चालणं म्हणजे काय, हे दिवसा चालणाऱ्याला कळत नाही. तुम्ही विचारलंय रिव्हॉल्व्हरबद्दल, तर आधी त्याचंच बोलतो. पत्रात जाता जाता लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी मात्र मला रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठ्या वाटतात. त्या नंतर.

तो दुकानदार. हलकं घ्या म्हणाला ना? मलाही वीसेक वर्षांपूर्वी एकाने हेच सांगितलं होतं आणि मी, जन्मभर यंत्रांशी खेळलेला माणूस, फसलो. खिशात घातलं की मोबाइलपेक्षा थोडंसंच जड. फार खूश होतो. पहिल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो, पाच-पाचचे चार फेरे झाडले आणि अंगठा नि तर्जनीमधली कातडी सोलून घरी आलो. पुढच्या शनिवारी दुसरं काम निघालं, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरं. वर्षभर ते ड्रॉवरमध्ये पडून राहिलं आणि शेवटी तोट्यात विकलं. दोष कंपनीचा नव्हता. मी वजन पाहून घेतलं, हात पाहून नाही.

हिशोब शाळेतला आहे. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढाच जोर मागे येतो, आणि तो अंगावर घ्यायला रिव्हॉल्व्हरचं वस्तुमान जितकं कमी, तितकी हाताला बसणारी ऊर्जा जास्त. तुमच्या तिघांतलं ६४२ अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. एलसीआरमध्ये खालचा भाग पॉलिमरचा, म्हणून ते त्याहूनही हलकं, पावणेचारशेच्या थोडं वर. पोलादी ८५६ सव्वासहाशेच्या घरात. तिघांतही बसणारी तीच .३८ स्पेशल जातीची गोळी हलक्या दोन्हींतून सुटताना पोलादीच्या तुलनेत दीडपट किंवा त्याहून जास्त ऊर्जा तुमच्या मनगटात उतरते. आखूड नळीमुळे आवाज आणि जाळ मोठा असतो, तो वेगळाच. चांगले मुरलेले नेमबाजसुद्धा अशा रिव्हॉल्व्हरने पन्नास गोळ्या झाडून झाल्या की हात झटकतात.

आणि बायकांना मुद्दाम हलकंच विकायची ही रीत आपल्याकडेही आहे बरं. २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या जवळ. इकडे चार्टर आर्म्सचं ‘पिंक लेडी’ आहे, गुलाबी रंगाचं, साडेतीनशे ग्रॅमच्या आत. रंगाला माझी हरकत नाही. पण जिचा हात लहान, जिने आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही, तिच्याच हाती सगळ्यात जोरात उसळणारी वस्तू द्यायची, यामागचं डोकं मला आजवर कळलेलं नाही.

आता तिघांकडे वळू.

६४२ चं घराणं जुनं. स्मिथ अँड वेसनने १९५० साली चीफ्स स्पेशल काढलं, पाच गोळ्यांचं, जे-फ्रेम नावाच्या छोट्या सांगाड्याचं. ६४२ हे त्याच वंशातलं. याचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, पूर्ण झाकलेला, म्हणजे कपड्यात अडकायला काही नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं हाच आकार चालत आल्याने मुठी, होल्स्टर म्हणजे अंगावर बाळगायची म्यानं, गोळ्या भरायच्या पट्ट्या, जे मागाल ते मिळतं. खोट एकच, ट्रिगर. दहा-बारा पौंड जोर लागतो, म्हणजे एका बोटाने पाच किलोची पिशवी उचलल्यासारखं, आणि ते करताना नळी तसूभरही हलू द्यायची नाही. सवयीने जमतं. पण सवय व्हायला झाडावं लागतं आणि झाडलं की हात दुखतो.

एलसीआर २००९ चं. दिसायला खेळण्यासारखं, मला अजूनही आवडत नाही, पण ट्रिगर तिघांत सगळ्यात गुळगुळीत याचाच. आतला कॅम, म्हणजे ट्रिगरची हालचाल पुढे देणारा वळणदार भाग, घर्षण कमी करतो, त्यामुळे शेवटी शेवटी अडल्यासारखं होत नाही. मूठही मऊ रबराची. एक लक्षात ठेवा, ट्रिगर सोडताना मध्येच एक बारीक टिक लागते. नवशिक्याला वाटतं झालं, आता पुन्हा ओढावा. झालेलं नसतं. बोट पूर्ण पुढे जाऊ द्यायचं. किंमत मात्र तिघांत हीच जास्त. बहुतेक दुकानांत तुमचे पाचशे तिथेच संपतील, किंवा कमीच पडतील.

टॉरस ब्राझीलची कंपनी, अमेरिकेतला कारखाना जॉर्जिया राज्यात. ८५६ मध्ये सहा गोळ्या बसतात आणि किंमत साधारण साडेतीनशेच्या अलीकडे-पलीकडे. हे नाव काढलं की रेंजवरचे म्हातारे नाक मुरडतात. त्यालाही कारण आहे. कंपनीच्या काही पिस्तुलांवरून इथे खटला झाला होता आणि २०१५ मध्ये तो समझोत्याने मिटवावा लागला. ती पिस्तुलं होती, हे रिव्हॉल्व्हर नव्हे. तरी स्वस्तातली वस्तू डोळे उघडे ठेवूनच घ्यावी, म्हणून काउंटरवर काय बघायचं ते सांगतो.

आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उघडायला लावा आणि सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानदाराने आत्ताच बघितलं असलं तरी तुम्ही बघा. मग विचारून, भिंतीकडे नळी धरून ट्रिगर हळूहळू ओढा आणि मागेच दाबून ठेवा. तसंच धरून दुसऱ्या हाताने सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित खुळखुळलं तर चालतं, ढिल्या नटासारखं हललं तर ठेवून द्या. असं प्रत्येक घराला करायचं, एकाला करून थांबायचं नाही. नंतर उजेडाकडे धरून सिलिंडर आणि नळीमधली फट बघा. केसाएवढी हवी, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चार ते आठ, आणि फिरवताना सगळीकडे सारखी. शेवटी सिलिंडर उघडून मधली दांडी दाबा. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला ही दांडीही आखूडच, रिकामी काडतुसं पूर्ण बाहेर येत नाहीत. म्हणून नळी वर करून तळहाताने एक जोरदार फटका मारायचा असतो, बोटाने ढकलायचं नाही. दांडीचा स्क्रू सैल वाटला तर तेव्हाच बोला.

याहून स्वस्तातलीही आहेत. चार्टर आर्म्सचं अंडरकव्हर कनेटिकटमध्ये बनतं. पोलादी असूनही साडेचारशे ग्रॅमच, म्हणजे धक्क्याचं गाऱ्हाणं तिथेही आलंच. रॉक आयलंडचं एम-२०६ फिलिपिन्सचं, सहा गोळ्यांचं आणि चांगलं वजनदार. त्यातलं एम-२०६ तुमच्या रेंजवर भाड्याने मिळालं तर जरूर हातात घ्या, लाकडी मूठ तेवढी बदलावी लागेल. .३५७ मॅग्नम या कितीतरी जोरकस गोळीच्या रिव्हॉल्व्हरच्या वाटेला मात्र जाऊ नका. आखूड नळीतून ती गोळी म्हणजे दिवाळी आणि मनगटाचा मुरगळा एकदमच. ‘.३८ पण चालते ना त्यात’ असं कुणी सांगेल. चालते. पण तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे तुम्हाला नकोत.

पैशाचं म्हणाल तर पाचशेतले पाचशे रिव्हॉल्व्हरवर घालवाल तर पुढचं सगळं अडेल. सरावाच्या .३८ चा पन्नासाचा डबा वीस-तीस डॉलरला पडतो, आणि दोनशे गोळ्या झाडल्याशिवाय कुठलंही रिव्हॉल्व्हर आपलं होत नाही. होल्स्टर, पेटी आणि एक दिवसाचा वर्ग वेगळेच. म्हणजे शस्त्राला साडेतीनशे आणि उरलेले या बाकीच्याला, तेही सगळ्याला पुरणार नाहीत. म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी पहिलं रिव्हॉल्व्हर पोलादी ८५६, तेही हॅमर झाकलेलं मिळालं तर. त्यात १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर गोळी भरा. पुढून सपाट असते, धक्का मऊ, कागदावर भोक अगदी पंचिंग मशीनने पाडल्यासारखं. ‘प्लस-पी’ लिहिलेल्या जोरकस गोळ्यांचा मोह नको. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर जोरकस काडतुसांच्या धक्क्याने शेजारच्या घरातली न झाडलेली गोळी आपल्या काडतुसातून पुढे सरकते आणि सिलिंडरच अडकतो. ज्या वस्तूचा एवढाच गुण की ती अडकत नाही, ती नेमकी अडकते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. हातावर ठेवा. टेक्सासात २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरी तुम्ही परवाना काढा. मुलाला शाळेत सोडायला जाता ना? शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करणारा केंद्राचा कायदा राज्याचा परवाना असलेल्याला सूट देतो, नुसत्या बिनपरवाना बाळगणाऱ्याला नाही, आणि हे दुकानदार सांगत नाहीत. परवान्याला पन्नास गोळ्यांची परीक्षा असते: तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. विकत घ्यायच्या आधीच, भाड्याच्या रिव्हॉल्व्हरने ही परीक्षा स्वतःची घ्या. एका शनिवारी हलकं, पुढच्या शनिवारी पोलादी. जे पन्नासावी गोळी झाडेपर्यंत तुम्ही खाली ठेवलं नाहीत, ते तुमचं. ते एलसीआर निघालं तर एलसीआर घ्या, थोडे पैसे साठवून घ्या, मला काही वाटणार नाही.

बाळगायचं कुठे, हा खरा पेच. पर्समध्ये नको. ताई, तुमच्याच पत्रात आहे, त्या बाईची हिसकावली ती पर्सच. तुमची हिसकावली तर चोराच्या हाती नुसते पैसे नाही, भरलेलं रिव्हॉल्व्हर जाईल. शिवाय पर्समधल्या किल्ल्या, पेनं, लिपस्टिक यांतलं काहीही ट्रिगरमध्ये शिरू शकतं. अंगावरच बाळगायचं, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. तुमच्या कामाच्या सैल कपड्यांच्या, स्क्रब्जच्या नाडीला ते वजन पेलणार नाही, चारशे ग्रॅमचंही नाही. आतून एक कडक पट्टा लागेल. आणि त्याआधी नोकरीची नियमावली काढून वाचा. बऱ्याच कंपन्या कामावर शस्त्र आणू देत नाहीत, सापडलं तर नोकरी जाते. टेक्सासचा कायदा पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत ठेवायला साधारणपणे मुभा देतो. पण गाडीत ठेवलं म्हणजे तुमच्या त्या चाळीस पावलांत ते तुमच्याजवळ नसणार. याचा विचार केला होता का? म्हणून म्हणतो, दुसरं कुणी असेल तर दोघींनी मिळून दुकान बंद करा, गाडी दाराशी आणून लावायची परवानगी मागा, मिरचीचा स्प्रे हातात ठेवा. टेक्सासात तो चालतो आणि कामावर न्यायलाही सहसा कुणी हरकत घेत नाही. यातलं काहीच रिव्हॉल्व्हरइतकं रुबाबदार नाही, ठाऊक आहे.

खरेदीचे कागद थोडक्यात. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भराल, त्यात ग्रीन कार्डावरचा क्रमांक लागतो. ड्रायव्हिंग लायसनवर सध्याचाच पत्ता हवा. घर बदललं असेल आणि लायसन जुनं असेल तर आधी ते बदला. फॉर्मवर विचारतात की खरी खरेदीदार तुम्हीच का. दुसऱ्या कुणासाठी, त्याच्या पैशाने घेत असाल तर तो गुन्हा. तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी बहुधा काही मिनिटांत होते आणि त्याच दुपारी पिशवी हातात पडते. एच-१बी वर असलेली आपली पोरंही मला विचारतात म्हणून इथेच सांगतो: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला शस्त्र आणि गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण त्या वाटेने जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फी द्या. व्हिसा त्या फीपेक्षा महाग आहे.

तुमच्या आई-बाबांनाही हेच लागू. ते पर्यटक व्हिसावर येणार. बाबांना कितीही हौस असली तरी रेंजवर नेऊन ‘एक झाडून बघा’ म्हणायचं नाही आणि घरात त्यांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. सांगलीचे वडील म्हणजे दुपारी सगळी कपाटं लावायला घेणारच, मी ओळखतो.

आता ते दोन मुद्दे.

नवऱ्याला न सांगता हे करू नका. तो चिडेल, चिडू दे. पहिल्या शनिवारी त्याला रेंजवर घेऊन जा. घरात भरलेली वस्तू आहे आणि ती कुठे आहे हे एकालाच माहीत आहे, असं घर मला चालत नाही.

आणि मुलगा. तुम्ही लिहिलंत, तो खोलीतच असतो, बोलत नाही, म्हणून त्याला कळणार नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं. पंधरा वर्षांच्या मुलांना घरातलं सगळं कळतं. दिवाळीची भेट कुठे लपवलीय हे तुमच्या मुलाला दरवर्षी कळत असणार. कायदा म्हणाल तर सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. पण मी कायद्याचं बोलत नाहीये. या देशात बंदुकीने जेवढे लोक मरतात, त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. मुलं असं करतात तेव्हा बंदूक बहुतेक वेळा घरातलीच असते. तुमचा मुलगा कदाचित नुसताच पंधरा वर्षांचा असेल, त्या वयात सगळेच दार लावून बसतात. कदाचित तसं नसेल. मला इथून कळणार नाही, तुम्हालाही ते जेवणाच्या ताटावरून कळणार नाही. त्याच्याशी बोला. सरळ शब्दांत विचारा, जगणं नकोसं वाटतं का म्हणून. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. त्याच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मनात जराही शंका आली तर ९८८ हा मदतीचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फोन करा नाहीतर मेसेज करा, तो करील किंवा तुम्ही करा. हे सगळं स्पष्ट होईपर्यंत रिव्हॉल्व्हर घरात आणू नका. भाड्याने झाडत राहा, परवान्याचा वर्ग करा, तेवढ्यात महिने जातात आणि ते वाया जात नाहीत. डिसेंबरची घाई कशाला? आई-बाबांना विमानतळावरून आणायला रिव्हॉल्व्हर लागत नाही.

आणलंत, तर नव्या हँडगनबरोबर दुकानदार वायरचं कुलूप देतो, पण ते बहुधा पहिल्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातं. भिंतीला किंवा पलंगाच्या लाकडाला स्क्रूने आवळता येणारी, बटणांची छोटी पोलादी पेटी घ्या. ज्या वेळी ते तुमच्या अंगावर नाही, त्या वेळी ते पेटीत. मधली जागा नाही, उशीखाली नाही, गाडीच्या कप्प्यात नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि पेटीचा नंबर मुलाची जन्मतारीख ठेवू नका. आपल्या घरांत वायफायपासून बँकेपर्यंत तोच असतो, आणि त्याला तो पाठ आहे.